एका भाषेचं बिल्ट-इन फंक्शन दुसऱ्या भाषेतून कसं बोलवायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रत्नागिरीत राहतो. आंबा बागायतदारांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळतो आणि चार-पाच होडीवाल्यांना भरती-ओहोटीचा तक्ता काढून देतो. दोन्ही कामांत जुना कोड एका भाषेत आणि नवा दुसऱ्या भाषेत आहे, त्यामुळे दोघांची गाठ घालून देणं हे माझं रोजचंच काम. पॉलिटेक्निकची मुलं येऊन तेच तेच विचारतात. पावसाळ्यात लाइट गेली की फोनवरूनही विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. फंक्शनची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन.

हे करायचंच कशाला? दुसरी भाषा आहे तर तिच्यातच लिहावं ना?

लिहा की. फंक्शन दहा ओळींचं असेल तर पुन्हा लिहिणंच शहाणपणाचं. पण लॅपॅकसारखी फोरट्रानमधली समीकरणं सोडवणारी लायब्ररी, किंवा आर भाषेतली संख्याशास्त्राची फंक्शनं, यांच्यातल्या चुका लोकांनी वर्षानुवर्षं शोधून काढल्या आहेत. ती पुन्हा लिहायला घेतलीत तर त्याच चुका तुम्ही नव्याने कराल.

नाव माहीत आहे, लायब्ररी लोड झाली, तरी "फंक्शन सापडलं नाही" असं येतं. का?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून जरा सावकाश सांगतो.

मालवणात नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न येतो, "तुमी खंयचे?" आडनाव नंतर. फंक्शनलाही आधी तेच विचारायचं. "बिल्ट-इन" हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्याखाली निदान चार वेगळ्या गावची मंडळी राहतात.

पहिली खरीखुरी लायब्ररी फंक्शनं. सीचं स्ट्रलेन, म्हणजे स्ट्रिंगची लांबी मोजणारं फंक्शन, हे लायब्ररीत नावपत्त्यासकट बसलेलं असतं. बाहेरून हाक मारली की ओ देतं.

दुसरे मॅक्रो. ते कंपाइल होण्याआधीच मजकुरात विरघळतात आणि लायब्ररीत त्यांचा मागमूस उरत नाही. सीमध्ये शेवटच्या चुकीचा क्रमांक ठेवणारा एरनो दिसतो साध्या व्हेरिएबलसारखा, पण असतो मॅक्रो, त्यामुळे बाहेरून त्या नावाने शोधलात तर हाती काही लागत नाही. पायथनमधून सीची फंक्शनं बोलवणाऱ्या सीटाइप्स या मॉड्यूलमध्ये त्यासाठी वेगळी सोय करून दिली आहे ती याचमुळे.

तिसरी गोष्ट ऑपरेटर आणि कीवर्डची. सीमधला साइझऑफ कंसासकट लिहितात म्हणून फंक्शन वाटतो, पण तो ऑपरेटर आहे. पायथन २ मध्ये प्रिंट हे विधान होतं. २००८ साली पायथन ३ आलं तेव्हा त्याचं फंक्शन झालं आणि मगच ते दुसऱ्या फंक्शनच्या हातात देता येऊ लागलं.

चौथी कंपाइलरची स्वतःची. जीसीसी या सीच्या कंपाइलरमध्ये "बिल्टिन" असं नाव लावलेली जी फंक्शनं आहेत, त्यांतली बरीचशी थेट मशीनच्या सूचना होऊन जातात. हाक मारायला दारच नसतं.

शेवटच्या तिन्ही प्रकारांवर उपाय एकच. त्याच भाषेत दोन ओळींचं साधं फंक्शन लिहायचं, त्याच्या पोटात तो मॅक्रो किंवा ऑपरेटर वापरायचा, आणि बाहेरून या नव्या फंक्शनला बोलवायचं. मुलांना हे कमीपणाचं वाटतं. जुनी माणसं बिनदिक्कत करतात.

सीमधून पर्ल चालवतोय. माझी स्वतःची फंक्शनं चालतात, पण पर्लचं प्रिंट चालत नाही.

वरच्याच उत्तराचा हा नमुना. पर्लमध्ये प्रिंट, पुश, सॉर्ट ही सबरूटीन नाहीत, पर्लच्या इंजिनातल्या ऑपरेशन आहेत. सीमधून नावाने सबरूटीन बोलवायची जी सोय आहे, ती मुख्य पॅकेजमध्ये प्रिंट नावाची सबरूटीन शोधते, आणि तशी काही नाही म्हणून हात झटकते. एकतर पर्लचा मजकूर स्ट्रिंग म्हणून इव्हॅल करायला, म्हणजे कोड म्हणून चालवायला द्या, नाहीतर पर्लमध्ये छोटी सबरूटीन लिहून तिला बोलवा. मी नेहमी दुसरं करतो. २०१२ च्या ५.१६ आवृत्तीपासून कोअर नावाच्या पॅकेजमधून बरीच बिल्ट-इन सबरूटीनसारखी वापरता येतात, पण प्रिंट त्यात नाही, त्यामुळे नेमका हाच प्रश्न विचारणाऱ्यांचं घोडं तिथेच अडतं.

आणि हो, पर्लचा कोड मध्येच मेला तर तो तुमच्या सी प्रोग्रामलाही सोबत घेऊन जातो. बोलवताना इव्हॅलचा झेंडा, म्हणजे ते मरण तिथेच अडवणारा पर्याय, लावायला विसरू नका.

पायथनमधून सीचं वर्गमूळ काढलं, उत्तर काहीच्या काही आलं.

सगळेजण एकदा इथे आपटतात. सीटाइप्स हे मॉड्यूल पायथन २.५ पासून, म्हणजे २००६ पासून, सोबतच येतं. गणिताची लायब्ररी लोड करायची, एसक्यूआरटीला १६ द्यायचे, आणि ४ ऐवजी कसलातरी भलताच पूर्णांक बाहेर येतो. चूक लायब्ररीची नाही. सीटाइप्सला कोणी काही सांगितलं नाही तर ते धरून चालतं की फंक्शन पूर्णांक परत देतं. तुम्ही दिलेला १६ सुद्धा पूर्णांक म्हणूनच पाठवला जातो. प्रोसेसरमध्ये पूर्णांक आणि दशांश संख्या वेगवेगळ्या रजिस्टरमधून जातात. तुम्ही एका खिडकीत पैसे भरलेत, एसक्यूआरटी दुसऱ्या खिडकीवर उभं होतं, त्याने तिथे पडलेल्या कचऱ्याचं वर्गमूळ काढलं आणि उत्तर तिकडेच ठेवलं. तुम्ही मात्र आपल्या खिडकीवर जे पडलं होतं ते उचलून आणलंत.

म्हणून लायब्ररी लोड झाल्या झाल्या, फंक्शन वापरायच्या आधी, दोन ओळी लिहायच्या: आर्गटाइप्समध्ये (काय पाठवतो) डबल, रेसटाइपमध्ये (काय परत येतं) डबल, म्हणजे सीची दशांश संख्या. मजा अशी की १६ ऐवजी १६.० दिलेत तर सीटाइप्स लगेच अडवतं, "हे कसं पाठवू ते कळत नाही" म्हणतं. पूर्णांक दिला तरच गुपचूप चुकतं.

पॉइंटर परत देणाऱ्या फंक्शनचं याहून वाईट. रेसटाइप न दिल्यास ६४ बिटांच्या पत्त्यातले निम्मे बिट छाटले जातात. पत्ता लहान असेल तोवर प्रोग्राम चालतो, मग एके दिवशी सेगमेंटेशन फॉल्ट देऊन कोसळतो. तो दिवस बहुधा गिऱ्हाइकासमोरचा असतो.

मराठी मजकूर पाठवला की लांबी चुकते.

"बांगडा" घेऊ. माणूस तीन अक्षरं मोजतो. पायथनचं लेन सहा सांगतं, कारण ब, काना, अनुस्वार, ग, ड, काना हे सगळे वेगळे मोजले जातात. सीचं स्ट्रलेन बाइट मोजतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणून अठरा.

हे झालं नीट एन्कोड करून पाठवलं तर. मी एकदा एन्कोड करायला विसरलो आणि सरळ पायथनची स्ट्रिंग स्ट्रलेनला दिली. लिनक्सवर उत्तर आलं २. दापोलीच्या एका विद्यार्थिनीने तोच कोड तिच्या विंडोजवर चालवला, तिला १२ मिळाले. दोघांची मशीनं आपापल्या परीने बरोबर होती. आर्गटाइप्स नसतील तर सीटाइप्स पायथनची स्ट्रिंग रुंद अक्षरांची म्हणून पाठवतं. लिनक्सवर असं प्रत्येक अक्षर चार बाइटचं. ब चे पहिले दोन बाइट भरलेले, तिसरा शून्य, आणि शून्य दिसला की स्ट्रलेन थांबतं. विंडोजवर रुंद अक्षर दोन बाइटचं, मध्ये शून्य कुठेच नाही, म्हणून सहा दुणे बारा.

तेव्हा मराठी मजकूर आधी यूटीएफ-८ मध्ये बाइट करून घ्या आणि मगच पाठवा. जुन्या सी कोडमध्ये ठरावीक मापाची खोकी असतात, तीही बघा. सोळा बाइटच्या खोक्यात "बांगडा" कोंबलात तर "बांगड" बसतो, वर शेवटच्या कान्याचा एक तुकडा अडकतो. परत येताना पायथन त्या तुकड्यावर डीकोडची एरर देतं. माशांच्या लिलावाच्या पावत्या छापताना हे माझ्या बाबतीत झालं आहे, आणि सुरमई आधी आली की काहीच होत नव्हतं, कारण ती पंधरा बाइटची.

नाव तेच, आकडे तेच, तरी दोन भाषांत उत्तरं वेगळी कशी?

आपल्याकडची जुनी माणसं भरतीची वेळ पाउणकीने काढतात. तिथीला पाउणपट केलं की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. चार पाऊण तीन, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास. ठोकताळाच तो, जागेप्रमाणे मागेपुढे होतो, पण खाडीच्या मुखाशी होडी काढायला पुरतो. आता पंचमी घ्या. पाचाला तीनने गुणून चारने भागलं तर पायथन ३ सांगतं ३.७५, म्हणजे पावणेचार. सीमध्ये तिन्ही पूर्णांक असतील तर उत्तर ३. पाऊण तास गेला, आणि खाडीत पाऊण तास म्हणजे गाळात रुतलेली होडी. कोणी आधी तीन भागिले चार केलं आणि मग पाचाने गुणलं, तर सी शून्य सांगतं. मध्यरात्री भरती!

उणे संख्येची बाकीही अशीच दगा देते. उणे ७ ला ३ ने भागून बाकी काढा. पायथनचं उत्तर २, सी आणि जावाचं उणे १. घड्याळाचे तास किंवा कोन फिरवताना हा फरक नेमका वर्मावर बसतो. पायथनमध्येच मॅथ मॉड्यूलचं एफमॉड वापरलंत तर ते सीच्या वळणावर जातं आणि उणे १ देतं, कारण ते आतून सीचंच आहे.

आणि राउंड. पायथनला २.५ दिलेत तर २. सीच्या राउंडला दिलेत तर ३. जावास्क्रिप्टचं ३, पण उणे २.५ ला ते उणे २ म्हणतं आणि सी उणे ३. एक्सेलमध्ये तर एकाच घरात दोन चुली आहेत. शीटवरचं राउंड २.५ चे ३ करतं, आणि एक्सेलचे मॅक्रो ज्या भाषेत लिहितात त्या व्हीबीएचं स्वतःचं राउंड २ करतं, कारण ते अर्ध्याला जवळच्या सम संख्येकडे झुकवतं. आंब्याच्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबात, बागायतदाराने शीटवर काढलेला आकडा आणि व्हीबीए मॅक्रोने छापलेला आकडा रुपयाने वेगळा आला, तेव्हा मला दोन संध्याकाळी संशयाच्या नजरा झेलाव्या लागल्या. व्हीबीएमधून शीटचंच फंक्शन हवं असेल तर वर्कशीटफंक्शन या ऑब्जेक्टमार्फत बोलवा. पैशाच्या हिशेबात मी आता दुसरं काही चालवून घेत नाही.

उलट्या दिशेने? सीमधून पायथनचं लेन?

दोन वाटा आहेत. सरळ वाट अशी की पायथनच्या सी एपीआयमध्ये, म्हणजे सीमधून पायथन वापरायच्या फंक्शनांत, बऱ्याच बिल्ट-इनना थेट जोडीदार आहे. लेनसाठी पायऑब्जेक्ट साइझ, एबीएससाठी पायनंबर ॲब्सोल्यूट. जोडीदार नसेल तर बिल्टिन्स नावाचं मॉड्यूल इम्पोर्ट करायचं, त्यातून नावाने फंक्शन काढायचं आणि बोलवायचं. दर पायरीला परत आलेली गोष्ट नल (रिकामा पॉइंटर) आहे का ते तपासा, आणि पायऑब्जेक्ट साइझसारखं आकडा देणारं असेल तर उणे १ आहे का ते. एरर झाली तर पायथन सीमध्ये ओरडत नाही, नल किंवा उणे १ देऊन गप्प बसतं. हातात आलेला संदर्भ काम झाल्यावर सोडा, आणि पायथनने न काढलेल्या थ्रेडमधून बोलवत असाल तर आधी जीआयएल, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं कुलूप, घ्या.

आरची फंक्शनं पायथनमधून?

त्यासाठी आरपीवाय२ हे पायथनचं पॅकेज. आरच्या नावांत टिंब असतं, रीड टिंब टेबल, टी टिंब टेस्ट. पायथनमध्ये टिंबाचा अर्थ वेगळा, म्हणून पॅकेज इम्पोर्ट केल्यावर टिंबाच्या जागी अंडरस्कोर येतो. आरची एक गंमत म्हणजे तिथे अधिकचं चिन्हच काय, इफसुद्धा फंक्शन आहे, त्यामुळे "हा ऑपरेटर आहे, बाहेरून मिळणार नाही" हे रडगाणं तिथे नाही.

उलट, आरमधून पायथन बोलवायला रेटिक्युलेट हे आरचं पॅकेज. त्यात ५ लिहिलंत की पायथनला ५.० पोहोचतो आणि ते म्हणतं की दशांश संख्या पूर्णांक म्हणून चालणार नाही. ५ पुढे एल लावा. आरची मोजणी १ पासून, पायथनची ० पासून. एकाची चूक झाली तर तक्ता एका दिवसाने सरकतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

फोरट्रान अजून कोणी वापरतं?

१९५७ ची भाषा, आणि तुमच्या नकळत तुम्हीही वापरता. आरमध्ये मॅट्रिक्सचं समीकरण सोडवलंत की काम लॅपॅककडे जातं. भरतीच्या गणितातही जुना कोड फोरट्रानचा सापडतो. कितीतरी कोसाइन लाटांची बेरीज असते ती, आणि त्यांतली मुख्य लाट १२.४२ तासांची.

बोलवताना तीन गोष्टी. जीफोरट्रान हा कंपाइलर फंक्शनचं नाव लहान लिपीत करून शेवटी अंडरस्कोर लावतं. आर्ग्युमेंट पत्त्याने जातात, किमतीने नाही. आणि मॅट्रिक्स उभ्या रकान्यांनी साठवली जाते, सीमध्ये आडव्या ओळींनी, त्यामुळे न उलटवता दिलेली मॅट्रिक्स आडवीची उभी होते. फोरट्रानची साइन, मॅटमल ही अंगची फंक्शनं थेट बाहेरून मागू नका. त्यांच्याभोवती आपलं छोटं फंक्शन लिहा आणि २००३ च्या मानकात आलेलं बाइंड सी लावा. अंडरस्कोरची कटकटही जाते.

जावा?

कॉटलिन किंवा क्लोजरमधून जावाची फंक्शनं वापरणं म्हणजे एकाच घरातल्या खोल्या, तिथे काही करावं लागत नाही. सीकडे जायचं तर जेएनआय ही जावाची सोय, १९९७ पासून आहे आणि तेव्हापासून लोकांना नकोसं आहे. मार्च २०२४ च्या जावा २२ मध्ये त्याला पर्याय म्हणून नवा एपीआय पक्का झाला. नवीन काम असेल तर तोच घ्या.

वेबअसेंब्लीत साइन सापडत नाही!

नाहीच आहे. वेबअसेंब्ली म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा मशीनसारखा कोड, त्यात वर्गमूळाची सूचना आहे, साइन-कोसाइनची नाही. जावास्क्रिप्टचं मॅथ साइन इम्पोर्ट म्हणून आत द्या, नाहीतर तुमच्या कंपाइलरसोबतची लायब्ररी ते काम करेल.

परत आलेली स्ट्रिंग मोकळी कोणी करायची?

ज्याने जागा घेतली त्याने. शेजारणीचा डबा शेजारणीकडेच परत जातो. विंडोजवर एकाच प्रोग्राममध्ये सीच्या दोन रनटाइम असू शकतात, आणि एकीच्या मॅलॉकने (जागा घेणारं फंक्शन) घेतलेली जागा दुसरीच्या फ्रीने (सोडणारं) सोडली तर प्रोग्राम कोसळतो. लायब्ररी स्वतःचं "मोकळं करा" फंक्शन देत असेल तर तेच वापरा. देत नसेल आणि लायब्ररी तुमचीच असेल तर लिहा.

क्यूसॉर्टला पायथनचं तुलना करणारं फंक्शन दिलं. चालतं. दुसऱ्या लायब्ररीला तसंच दिलं तर थोड्या वेळाने प्रोग्राम मरतो.

सीचं यादी क्रमाने लावणारं क्यूसॉर्ट काम संपेपर्यंत परत येत नाही, तोवर तुमचं फंक्शन जिवंत असतं. दुसरी लायब्ररी पत्ता लिहून ठेवते आणि नंतर कधीतरी बोलवते. दरम्यान पायथनने "हे कोणी धरलेलं दिसत नाही" म्हणून ते कचऱ्यात काढलं. गुंडाळलेलं फंक्शन एखाद्या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा.

सीचं फंक्शन वेगवान म्हणून घेतलं, प्रोग्राम उलट मंदावला.

दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने गेलात तर चिपळूणचा वळसा वाचतो. पण एका फेरीत एकच मोटरसायकल न्यायची ठरवलीत तर वळसा परवडला. दर कॉलला आर्ग्युमेंट बदलणं, पाठवणं, उत्तर पुन्हा पायथनचं करणं हा खर्च ठरलेला. लाख संख्यांचं वर्गमूळ लाख कॉलमध्ये काढू नका. सगळी यादी एकदाच द्या आणि लूप सीच्या बाजूला चालू द्या.

सीचं प्रिंटएफ आणि पायथनचं प्रिंट, फाइलमध्ये ओळींचा क्रम उलटसुलट येतो.

दोघांचे बफर, म्हणजे छापण्याआधी मजकूर साठवायच्या जागा, वेगळे. पायथनकडून फ्लश करा आणि सीकडून एफफ्लश.

इतकं सगळं न करता काही सोपं?

आहे, आणि निम्म्या लोकांना मी तेच सांगतो. दुसऱ्या भाषेतला प्रोग्राम वेगळा चालवा, जेसन या साध्या मजकुराच्या साच्यात माहिती द्या, जेसनमध्येच घ्या. तो मेला तर तुमचा मरत नाही. दिवसातून एकदा तक्ता काढायचा असेल तर यापलीकडे जायची गरज नाही. माझा भरतीचा तक्ता असाच निघतो.

विंडोजवर एरर १९३ येते.

तुमचं पायथन ६४ बिटांचं आणि डीएलएल, म्हणजे विंडोजची लायब्ररीची फाइल, ३२ बिटांची, किंवा उलट. कोड बघत बसू नका, दोन्ही एका मापाचं आणा.